शत्रूचा अभ्यास

जबलपूर शहरात चेरीताल नावाची एक दाट वस्ती आहे. नाव तळ्याचे, पण आज तेथे पाणी नाही, घरांच्या रांगा आहेत. गोंड राज्याच्या काळी गढ्याच्या आसमंतात अनेक तलाव खोदले गेले. त्यांपैकी राणीताल हा राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा आणि चेरीताल तिच्या एका दासीचा, असे परंपरा सांगते. चेरी म्हणजे दासी. राज्य गेले, तलाव बुजला, आणि दासीचे नाव मात्र वस्तीला चिकटून राहिले.

या राणीचा शेवट १५६४ सालच्या जून महिन्यात नर्रईच्या रणांगणावर झाला. अकबराचा सरदार आसफखान मोठी फौज घेऊन आला होता. राणीने लढाईसाठी जागा विचारपूर्वक निवडली होती. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस गौर आणि नर्मदा या नद्या, आणि मधून जाणारी अरुंद वाट. पहिल्या दिवशी मोगलांची पीछेहाट झाली. त्या रात्री राणीने आपल्या सरदारांना सांगितले की, आताच छापा घातला पाहिजे. उजाडल्यावर आसफखान स्वतः येईल आणि खिंडीच्या तोंडाशी तोफा रचील. सरदारांनी ते मानले नाही. अबुल फजलने पुढची हकीकत नोंदविली आहे. राणीने जे आधी सांगितले होते, तेच सकाळी घडले. तोफा आल्या, खिंड हातची गेली, आणि जखमी झालेल्या राणीने शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा स्वतःच्या हाताने प्राण दिला.

या कथेतील शौर्याचे गुणगान नेहमी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात राजनीतीचाही एक धडा आहे. राणीला शत्रू कळला होता. त्याचे बळ कशात आहे आणि ते उद्या कोठे उभे राहील, हे तिने अचूक ओळखले होते. मात्र एका व्यक्तीला झालेले ज्ञान जोवर मसलतीला बसलेल्या सर्वांचे होत नाही, तोवर ते रणांगणावर उपयोगी पडत नाही. पुढे जवळजवळ चारशे वर्षांनी हिमालयाच्या दऱ्यांत हाच धडा भारताला पुन्हा, आणि फार मोठी किंमत देऊन, शिकावा लागला.

१९६२ सालच्या चीनच्या आक्रमणाविषयी बोलताना एक समजूत वारंवार पुढे येते. चिनी कम्युनिस्ट सेना भारताला अपरिचित होती आणि तिची युद्धपद्धती हे एक गूढ होते, ही ती समजूत होय. वस्तुस्थिती तशी नव्हती. त्या सेनेकडे पाहण्याच्या निदान तीन खिडक्या भारतीयांसाठी १९६२ पूर्वीच उघडल्या होत्या.

पहिली खिडकी एका मराठी डॉक्टरने उघडली. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली राष्ट्रसभेने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, तिच्या जखमी सैनिकांवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या सेनेजवळ मोटारी नव्हत्या, विमाने नव्हती आणि पुरेशा तोफाही नव्हत्या, ती सेना डोंगरांतून पायी, रात्रीच्या अंधारात, थोड्याशा धान्यावर कशी चालते आणि कशी लढते, हे भारतीय वैद्यांच्या या पथकाने जवळून पाहिले होते. कोटणीसांची स्मृती देशाने सेवा आणि मैत्री यांचे प्रतीक म्हणून जपली. ज्या सेनेत ते वावरले तिच्या अभ्यासाचे साधन म्हणून मात्र त्या अनुभवाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

दुसरी खिडकी कोरियाच्या युद्धाने उघडली. १९५० च्या ऑक्टोबरच्या आरंभी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतले आणि अमेरिकन सेना अडतिसावा अक्षांश ओलांडून उत्तरेस आली, तर चीन स्वस्थ बसणार नाही, असे स्पष्ट बजावले. दिल्लीने तो इशारा पुढे पोहोचविला. वॉशिंग्टनमध्ये तो पोकळ धमकी म्हणून बाजूस सारला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत चिनी सेना यालू नदी ओलांडू लागली. म्हणजे हा प्रतिपक्ष बोलतो तेव्हा ते बोलणे तोलून पाहावे लागते, ही गोष्ट इतर कोणाहीपेक्षा भारताला अधिक ठाऊक असावयास हवी होती. कारण तो इशारा भारताच्याच मुखाने दिला गेला होता.

कोरियात त्यानंतर जे घडले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. चिनी तुकड्या रात्री चालत आणि दिवसा दऱ्यांत व खेड्यांत दडून राहत, त्यामुळे विमानांना त्या दिसल्याच नाहीत. २५ ऑक्टोबर १९५० च्या सुमारास त्यांनी पहिला तडाखा दिला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या एकाएकी दिसेनाशा झाल्या. शत्रू दमला, असा निष्कर्ष निघाला. जनरल मॅकआर्थर यांनी २४ नोव्हेंबरला पुढे चाल केली आणि दुसऱ्याच दिवशी दुसरा, कितीतरी मोठा तडाखा बसला. त्याची रीत ठरलेली होती. समोरून थोडा दाब द्यावयाचा, बाजूच्या डोंगरांतून मोठ्या तुकड्या पाठीमागे पाठवावयाच्या, आणि माघारीचा एकमेव रस्ता अडवून धरावयाचा. कुनुरीच्या दक्षिणेस अमेरिकेच्या एका संपूर्ण डिव्हिजनला अशाच अडविलेल्या रस्त्यातून मार खात बाहेर पडावे लागले. त्या हिवाळ्यात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखालील भारताचे साठावे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक तेथेच होते. माघारीची ही धांदल भारतीय सैनिकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

तिसरी खिडकीही मराठी माणसाच्याच हातची होती. कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील कांगाव येथे पराक्रम गाजवून डी. एस. ओ. हा सन्मान मिळविलेले सेनानी. १९५३ साली कोरियात युद्धबंदी झाल्यावर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांच्या ताब्यासाठी भारताने एक रक्षक दल पाठविले. मेजर जनरल थोरात त्याचे प्रमुख होते, आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. दलात सहा हजारांच्या आसपास माणसे होती आणि कैदी बावीस हजारांहून अधिक. त्यांत चौदा हजारांवर चिनी होते. एका भारतीय मेजरला कैद्यांनी पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात शिरले आणि समयसूचकतेने त्याला सोडवून घेऊन आले. हे कैदी बहुतांशी कम्युनिस्टांच्या विरोधातील होते; त्यांना समजावून परत नेण्यासाठी आलेले प्रतिनिधी मात्र कम्युनिस्ट चीनचे होते. विचार, संघटना आणि शिस्त यांचा वापर शस्त्रासारखा कसा होतो, हे त्या छावणीत रोज दिसत असे. भारताच्या सेनापतींपैकी या दोघांना तरी चिनी माणूस सैनिक म्हणून ओळखीचा झाला होता.

हेच थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले. तिबेटात १९५९ साली उठाव झाला, सीमेवर चकमकी झडू लागल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी एक टिपण वर पाठविले. १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ नावाचा युद्धाभ्यास घेऊन त्यांनी आपले निष्कर्ष पडताळूनही पाहिले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता. हाती असलेल्या सैन्याने प्रत्यक्ष सीमारेषेवर लढाई देता येणार नाही. सीमेवर ठाणी असावीत, परंतु ती नजर ठेवण्यापुरती. खरी लढाई मागे, बोमदिलासारख्या जागी द्यावी. तेथे आपले रस्ते जवळ येतात आणि शत्रूची रसद मात्र डोंगर ओलांडून लांब ताणली जाते. त्यासाठी इतके सैन्य, इतके रस्ते आणि इतकी साधने लागतील, असा हिशेबही त्यांनी मांडला.

हे टिपण योग्य वेळी पंतप्रधानांपर्यंत पोहोचलेच नाही, असे थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे. १९६१ च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पुढे पुढे ठाणी बसविण्याचे धोरण ठरले. त्यामागे एक गृहीत होते. चीन हरकत घेईल, चकमकी करील, पण मोठे युद्ध करणार नाही, असे ते गृहीत. शत्रू काय करू शकतो, हा प्रश्न मागे पडला आणि शत्रू काय करणार नाही, याविषयीच्या विश्वासाने त्याची जागा घेतली.

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू या नदीकाठी सातव्या ब्रिगेडवर हल्ला झाला. उंच जागा चिन्यांच्या ताब्यात, आणि आपले जवान खाली नदीच्या खोऱ्यात. त्यांच्यापाशी जुन्या बोल्टच्या रायफली, मोजकी काडतुसे आणि त्या थंडीला न पुरणारे कपडे. रसद विमानातून टाकली जाई, आणि त्यातील बरीचशी दऱ्यांत नाहीशी होई. तारा तुटल्या आणि तुकड्यांचा एकमेकींशी संबंध राहिला नाही. थोड्या तासांत ब्रिगेड मोडली. ब्रिगेडियर दळवी कैद झाले. तवांग पडले. त्यानंतर लढाई थांबल्यासारखी झाली.

तीन आठवड्यांच्या या शांततेचा अर्थ कोरियाचा इतिहास वाचणाऱ्याला सहज लावता आला असता. पहिला तडाखा, मग स्तब्धता, आणि मग दुसरा. चिन्यांनी त्या काळात तवांगपर्यंत रस्ता तयार केला आणि तोफा व सैन्य पुढे आणले. नोव्हेंबरच्या मध्यास दुसरा तडाखा बसला. सेला खिंडीवर आपले सैन्य भक्कम जागी होते. परंतु चिनी तुकड्या बाजूच्या डोंगरवाटेने पोशिंग लावरून उतरल्या आणि सेला व बोमदिला यांच्यामधला रस्ता त्यांनी थेंबांगजवळ तोडला. कुनुरीची रीत येथे जशीच्या तशी उतरली होती. पाठ उघडी पडली या भावनेने सेलाची ठाणी मोठी लढाई न होताच सोडली गेली, आणि माघार घेणारे सैन्य त्या अडविलेल्या वाटेवर छिन्नविच्छिन्न झाले. बोमदिलाही पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांप्रमाणे या युद्धात १,३८३ सैनिक ठार झाले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले.

या आकड्यांमागे भित्रेपणा नव्हता. १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या तेराव्या कुमाऊँच्या कंपनीने अखेरच्या गोळीपर्यंत लढा दिला; सुमारे १२० जणांपैकी ११४ जण तेथेच पडले. ज्या सैन्यात असे जवान होते, ते कशाने हरले, हा प्रश्न म्हणूनच अधिक बोचणारा आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते यशवंतराव चव्हाण युद्धबंदीच्याच दिवसांत महाराष्ट्रातून दिल्लीला गेले आणि संरक्षणमंत्री झाले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची व्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनानींचे नेतृत्व ही त्या चौकशीची पाच अंगे होती. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली बाहेर आला. परंतु २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत जे निवेदन केले, त्यातील एक कबुली या विषयाच्या मुळाशी जाते. आपले प्रशिक्षण मुळात बरे होते, परंतु चीन ज्या प्रकारचे युद्ध करतो त्याकडे ते वळविलेले नव्हते. चिन्यांचे डावपेच, त्यांची शस्त्रे आणि त्यांची कुवत यांची माहिती आपल्या सैनिकांना नव्हती. आणि शत्रूची माहिती असली म्हणजे जवानाचा आत्मविश्वास वाढतो, असा त्या कबुलीचा भावार्थ होता.

शत्रूच्या अभ्यासाचे मर्म या शेवटच्या विधानात आहे. अज्ञात शत्रू नेहमीच मोठा वाटतो. रात्री पाठीमागे गोळीबार ऐकू आला की, आपण वेढले गेलो, असे ज्याला वाटते तो पळतो. पाठीमागे गोळीबार होणारच, ती या शत्रूची रीतच आहे, आणि तसे झाले तरी आपल्या जागेवर पाय रोवून राहावयाचे व रसद आकाशातून येईल, असे ज्याला आधीच शिकविले आहे तो टिकतो. दोघांची छाती सारखीच असते. एकाला ठाऊक असते, दुसऱ्याला नसते, इतकाच काय तो फरक.

या अभ्यासातून निघणारे धडे मोजके आहेत. पहिला धडा असा की, या प्रतिपक्षाचे युद्ध राजकीय हेतूला घट्ट बांधलेले असते. कधी सुरू करावयाचे आणि कधी थांबवावयाचे, हे तो रणांगणावरील आवेशाने ठरवीत नाही. क्यूबाच्या संकटात जग गुंतले असताना त्याने आरंभ केला, आणि खिंडी बर्फाने बंद होण्यापूर्वी हात आखडता घेतला. दुसरा धडा असा की, तो सर्वत्र सारखा लढत नाही. निवडलेल्या एका जागी कित्येक पट बळ एकवटतो. म्हणून सीमेवर विखुरलेली लहान लहान ठाणी हे त्याला अडविण्याचे साधन न होता त्याचे भक्ष्य होते. तिसरा धडा रस्त्यांचा. ज्याची रसद पोहोचते त्याचीच जागा टिकते. आणि चौथा धडा मसलतीचा. कटू अनुमान सांगणारा सेनानी आणि ते ऐकून घेणारे शासन, ही दोन्ही असल्याखेरीज पहिले तीन धडे कागदावरच राहतात.

हे धडे वाया गेले नाहीत. डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभ्या राहिल्या. जवानाच्या हाती नवी रायफल आली. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेचे काम वाढले. या घडामोडींत जबलपूरचा वाटा मोठा आहे. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासूनचा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, आणि १९६९ साली त्यांच्या जोडीस वाहनांचा कारखाना आला. डोंगरी रस्त्यांवर रसद वाहणारी शक्तिमान मालमोटार आणि जोंगा ही गाडी या शहराने देशाला दिली. जोंगा या नावातील पहिले अक्षरच जबलपूरचे आहे.

आणि १९६७ च्या सप्टेंबरात या अभ्यासाची परीक्षा झाली. सिक्कीमच्या नथू ला खिंडीत तारेचे कुंपण घालणाऱ्या भारतीयांवर चिन्यांनी अचानक गोळीबार केला. तेथे लेफ्टनंट कर्नल राय सिंग यांची दुसरी ग्रेनेडियर्स पलटण होती. ज्या रेजिमेंटचे केंद्र आज जबलपुरात आहे, तीच ही रेजिमेंट. प्रारंभी हानी बरीच झाली, राय सिंग स्वतः जखमी झाले. पण या वेळी उंच जागा आपल्या हाती होत्या, तोफा सज्ज होत्या, आणि डिव्हिजनचे सेनापती सगतसिंग यांनी त्या चालविण्यास विलंब लावला नाही. चिन्यांना जबर तडाखा बसला आणि नथू ला भारताकडेच राहिली. पाच वर्षांपूर्वीचा शत्रू आणि हा शत्रू एकच होता. बदलली होती ती त्याच्याविषयीची जाण. १९८६ मध्ये सुमदोरोंग चू येथे पेच पडल्यावर हवाई मार्गाने सैन्य तातडीने उंचावर पोहोचविले गेले, तेही याच जाणिवेतून.

तथापि शिकलेला धडा कायमचा पाठ होतो, असे नाही. १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय सैनिकांनी प्राण दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर भारतीय सैन्याने पँगाँगच्या दक्षिणेकडील उंच जागा स्वतःहून ताब्यात घेतल्या, आणि त्यांत रेझांग लाचा परिसरही होता. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी जेथे एक कंपनी एकाकी झुंजत संपली, त्या जागेचे मोल देशाला आता ठाऊक होते.

शत्रूचा अभ्यास म्हणजे शत्रूची स्तुती नव्हे. त्याची भीतीही नव्हे. थोरातांना चिन्यांचे भय वाटत नव्हते, म्हणूनच ते त्यांच्या बळाचा हिशेब शांतपणे मांडू शकले. भय ज्यांना वाटते, ते बहुधा हिशेब टाळतात आणि काही होणार नाही, अशी मनाची समजूत घालतात.

चेरीतालाच्या जागी आज पाणी दिसत नाही. पण जमिनीचा उतार विसरला म्हणून बदलत नाही, आणि बुजविलेल्या तळ्याकडे पावसाळ्यात पाणी आपली जुनी वाट शोधीत येते. राष्ट्राच्या स्मृतीचेही असेच आहे. नर्रईच्या रात्री राणीने जे सांगितले, लखनौच्या युद्धाभ्यासात एका सेनापतीने जे मांडले, ते विसरले गेले तरी खोटे ठरले नाही. ते ऐकावयास त्या त्या वेळी कोणी असते, तर कित्येक घरांतील दिवे विझले नसते. ऐकून घेण्याची ही सवय शांततेच्या काळातच लावून घ्यावी लागते. तोफा खिंडीच्या तोंडाशी आल्यावर तिला वेळ उरत नाही.